चौसष्ट जीबीत दोन सिस्टिम: काळाचौकीतल्या एका छोट्या लॅपटॉपचं प्रकरण

जुलै 2025 मधली गोष्ट. मुंबईत काळाचौकीला आमच्याच मजल्यावर, तीन दारं सोडून राहणाऱ्या काकांची मुलगी रविवारी सकाळी लॅपटॉप छातीशी धरून दारात उभी. "दादा, यावर लिनक्स टाकून देशील का? कॉलेजात सगळी प्रॅक्टिकल्स त्याच्यावरच आहेत आणि घरी सरावाला काहीच नाही." (लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम, फुकट मिळणारी.) मी हो म्हणेपर्यंत मागून काकूंचा आवाज आला, "अरे पण पप्पांचं काम जाता कामा नये हं, गणपती तोंडावर आलेत." आता दोन महिन्यांनी हे सगळं लिहून काढताना वाटतं की काकूंचं ते वाक्य मी जितकं मनावर घ्यायला हवं होतं तितकं त्या सकाळी घेतलं नाही, आणि जी एक मोठी चूक झाली ती तिथूनच झाली.

आधी घर सांगतो म्हणजे मशीन कळेल. दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा, चार माणसं, लॅपटॉप एक. 2021 मध्ये शाळा ऑनलाइन होती तेव्हा घेतलेला, अकरा पॉइंट सहा इंचाचा, प्रोसेसर सेलेरॉन एन 4020 म्हणजे दोनच कोअर, चार जीबी रॅम जी बोर्डावरच सोल्डर केलेली, आणि 64 जीबीचं ईएमएमसी स्टोरेज (स्वस्त लॅपटॉपमध्ये डिस्कऐवजी असते ती चिप), तेही सोल्डर केलेलं, म्हणजे उद्या एसएसडी बदलू म्हणायची सोयच नाही. विंडोज 11 होम. सकाळी ड्युटीला जायच्या आधी आणि सुट्टीच्या दिवशी काका त्यावर डीटीपीची म्हणजे छपाईची पानं जुळवायची कामं करतात, मंडळाची पावती पुस्तकं, अहवाल, सत्यनारायणाची निमंत्रणं, सोसायट्यांच्या नोटिसा, सगळं श्री-लिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. उरलेल्या वेळात लॅपटॉप मुलीचा. त्यामुळे विंडोज उडवून नुसतं लिनक्स टाका हा जो सोपा सल्ला सगळे देतात तो इथे पहिल्या मिनिटालाच बाद, कारण काकांची गेल्या कित्येक वर्षांची पावती आणि अहवाल ज्या फॉन्टमध्ये आहेत ते फॉन्ट आणि ते सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं.

दुसरी सिस्टिम टाकायलाच हवी का, हाही विचार केला. विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची डब्ल्यूएसएलची सोय आहे आणि ती होम एडिशनवरही चालते, पण तिची दोन नंबरची आवृत्ती मुळात एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटरच असते आणि ती एकूण रॅमच्या निम्म्यापर्यंत जागा घेऊ शकते. चार जीबीतले अडीच जीबी विंडोज नुसतं चालू केल्या केल्या खातंय तिथे हे म्हणजे आधीच चार माणसं असलेल्या खोलीत पाहुणे मुक्कामाला बोलावण्यासारखं. व्हर्च्युअलबॉक्सही व्हर्च्युअल मशीनच, त्याचंही तेच. पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता चालवायचं तर चार दिवस बरं वाटतं, मग स्लो होतं नि पोरगी कंटाळून सोडून देते, हे मी दुसऱ्या एका मुलाच्या बाबतीत बघितलंय. शेवटी ठरलं, शेजारी शेजारी दोन सिस्टिम, मिंट या लिनक्सच्या प्रकाराची हलकी एक्सएफसीई आवृत्ती, 22.1. मिंटची किमान अट 2 जीबी रॅम आणि 20 जीबी जागा अशी आहे, आणि 22 ची मालिका 2029 पर्यंत अपडेट मिळणारी आहे, म्हणजे तिची डिग्री होईपर्यंत परत इन्स्टॉल करायची वेळ येऊ नये.

लॅमिंग्टन रोडवरून 16 जीबीचा पेनड्राइव्ह आणला, माझ्या मशीनवर मिंटची आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) उतरवून घेतली, चेकसम म्हणजे फाइल पूर्ण उतरली का ते सांगणारा आकडा जुळवून बघितला (हे टाळू नका, मोबाइल डेटावर उतरवलेली फाइल अर्धवट राहिली तर इन्स्टॉल मधेच मरतं आणि दोष लॅपटॉपला जातो), रुफस या टूलने इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह बनवला. इथपर्यंत सगळं नीट.

आता चूक. पेनड्राइव्ह लावला, चालू करताना एफ 12 दाबलं, काहीच नाही, सरळ विंडोज. मग एफ 2 ने बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये गेलो, तिथे एफ 12 चा बूट मेनू बंद करून ठेवलेला होता, तो चालू केला, आणि तेवढ्यावर थांबायचं सोडून जुन्या सवयीने सिक्युअर बूटही (सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारी सोय) बंद करून टाकलं. त्याची काही गरज नव्हती. मिंटचा बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, सही केलेला असतो, सिक्युअर बूट चालू असताना तो व्यवस्थित उठतो. पण दहा वर्षांपूर्वी हात जे शिकले ते हात करून मोकळे होतात. पेनड्राइव्हवरून मिंट उठलं, वायफाय दिसलं, आवाज आला, टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकलं, झाकण मिटून उघडलं तरी परत जागं झालं, मी खूश. बंद केलं, पेनड्राइव्ह काढला, म्हटलं आता विंडोजमध्ये जाऊन जागा मोकळी करू.

निळी स्क्रीन. बिटलॉकर रिकव्हरी. खाली रिकामी चौकट आणि तिच्यात 48 आकडी की टाका म्हणून मागणी.

मुलीने माझ्याकडे बघितलं, मी स्क्रीनकडे. काकूंच्या हातात चहाचे कप होते, त्यांना फक्त एवढं कळलं की रोज जे दिसतं ते दिसत नाहीये. झालं असं होतं की या लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्क कुलूपबंद ठेवणारी सोय, चालू होतं आणि घरात कोणाला ते माहीतच नव्हतं. होम एडिशनमध्ये बिटलॉकर या नावाने सेटिंग दिसत नाही पण आतलं तंत्र तेच. डिस्कचं कुलूप उघडायची किल्ली टीपीएम नावाच्या चिपमध्ये असते आणि ती चिप किल्ली देण्याआधी बघते की मशीन नेहमीसारखं सुरू झालंय का, सिक्युअर बूट होतं तसंच आहे का. मी ते बदललं, चिपने किल्ली अडवली. बरोबरच केलं तिने, लॅपटॉप चोरीला गेला तर हेच व्हायला हवं. अशा वेळी ती 48 आकडी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये मिळते, पण अकाउंट 2021 मध्ये दुकानातल्या मुलाने कुठल्यातरी ईमेलवर बनवून दिलेलं, घरचे रोज पिन टाकून आत जायचे, तो ईमेल कोणाला आठवत नव्हता आणि त्याला जोडलेला नंबर तर कोणाचा तेही माहीत नाही.

मला तेव्हा जे सुचलं त्याने वाचलो, आणि ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी हे लक्षात ठेवावं म्हणून सविस्तर सांगतोय: घाबरून रिसेट वगैरे काही दाबू नका, जे बदललंय ते आधी होतं तसं करा. परत बायोसमध्ये गेलो, सिक्युअर बूट चालू केलं, सेव्ह करून बाहेर आलो, आणि विंडोज गपचूप उघडलं. पिन टाकला, काकांचा फोल्डर जागच्या जागी. तेव्हा कुठे मी चहा घेतला.

आणि मग जे पहिल्यांदा करायला हवं होतं ते केलं. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडून मॅनेज-बीडीई च्या कमांडने ती 48 आकडी की स्क्रीनवर आणली (आत लॉगिन झालेलं असेल तर ती अकाउंटशिवायही दिसते, हे फार लोकांना ठाऊक नाही), मुलीने ती वहीत सहा सहा आकड्यांच्या आठ गटांत लिहून घेतली, मी मोठ्याने वाचून पडताळली. काकांचा फोल्डर, साडेतीन जीबीच्या आसपास, एका वेगळ्या पेनड्राइव्हवर कॉपी केला, आणि नुसता कॉपी करून थांबलो नाही, त्या पेनड्राइव्हवरूनच गेल्या वर्षीची पावती श्री-लिपीत उघडून बघितली. उघडून बघितला नसेल तर त्याला मी बॅकअप म्हणतच नाही. मग सेटिंगमध्ये जाऊन डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद केलं, ते उलगडायला सव्वा तास लागला. एन्क्रिप्शन बंद ठेवण्याची किंमत आहे हे मी काकांना संध्याकाळी नीट सांगितलं: हा लॅपटॉप पोरगी लोकलने कॉलेजात नेते, हरवला तर ज्याच्या हातात पडेल त्याला आतलं सगळं वाचता येईल. काका म्हणाले पावत्याच आहेत, वाचू दे. तरी बँकेचे आणि आधारचे स्कॅन तिथून काढून टाकायला लावले.

जागेचं म्हणाल तर खरा घाम इथे निघाला. 64 जीबी डब्यावर लिहिलेले, विंडोजमध्ये दिसतात 58, त्यातले वापरात 46. मिंटला किमान 20 द्यायचे आणि विंडोजलाही अपडेटसाठी नऊदहा जीबी मोकळे ठेवायचे, नाहीतर पुढच्या मोठ्या अपडेटला ते अडून बसणार आणि काकांच्या ऐन घाईत. डिस्क क्लीनअप सिस्टिम फाइल्ससकट चालवलं, तर जुन्या विंडोजची अख्खी प्रत तशीच पडलेली सापडली, नुकतंच मोठं अपडेट झालेलं म्हणून, अकरा जीबीच्या वर. डाउनलोडमधले व्हिडिओ आणि व्हॉट्सअ‍ॅपमधून आलेलं जंगल पेनड्राइव्हवर. तेवढ्याने वापर 28 वर आला. मोठ्या आनंदाने डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्हवर श्रिंक दाबलं तर म्हणे फक्त 3 जीबी आकसता येईल.

जागा 30 जीबी मोकळी आणि आकसणार तीनच, असं का? तर विंडोजच्या काही फाइल्स जागच्या हलवता येत नाहीत, आणि त्यातली एखादी जर ड्राइव्हच्या शेवटाकडे बसलेली असेल तर तिच्या पुढे कापताच येत नाही, मधे कितीही मोकळं असो. पोटमाळ्यावर अर्धी जागा रिकामी आहे पण तोंडाशीच गोदरेजचं कपाट अडकलंय, तसं. ही कपाटं तीन: हायबरनेटची फाइल (लॅपटॉप झोपवताना चालू काम साठवते ती), पेजफाइल (रॅम कमी पडली की वापरायची जागा) आणि सिस्टिम रिस्टोअरच्या नोंदी. हायबरनेट पॉवरसीएफजीच्या कमांडने बंद केलं, त्याबरोबर फास्ट स्टार्टअपही गेलं आणि ते तसंही जायलाच हवं होतं, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोज बंद करताना पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि त्या अवस्थेत मिंटमधून सी ड्राइव्हवर काही लिहायला गेलं तर फाइल्सची वाट लागू शकते. पेजफाइल तात्पुरती बंद, सिस्टिम प्रोटेक्शन बंद, रिस्टार्ट. आता श्रिंकमध्ये आकडा आला 23 जीबीच्या वर. मी 20480 एमबी टाकले, बरोबर 20 जीबी. काम झाल्यावर पेजफाइल लगेच परत चालू केली, चार जीबी रॅमवर तिच्याशिवाय विंडोज टिकणार नाही.

इतकं झाल्यावर प्रत्यक्ष इन्स्टॉल म्हणजे बावीस मिनिटं. त्यातली एकच जागा जपायची आणि ती या छोट्या लॅपटॉपवरच येते. नेहमीच्या लॅपटॉपवर आतली डिस्क एसडीए नावाने दिसते आणि पेनड्राइव्ह एसडीबी. इथे आतलं ईएमएमसी दिसतं एमएमसीबीएलके-झीरो या नावाने, आणि एसडीए हा असतो आपला पेनड्राइव्ह! पार्टिशनच्या (डिस्कचे भाग पाडायच्या) स्क्रीनवर अगदी खाली बूटलोडर कुठे टाकायचा ती यादी आहे, तिच्यात आधीच एसडीए निवडलेलं होतं. तसंच पुढे दाबलं असतं तर बूटलोडर पेनड्राइव्हवर जाऊन बसायची भीती होती, आणि मग पेनड्राइव्ह काढला की मिंट गायब. मुलीला म्हटलं हे तू बदल, तिने यादी उघडली, बोट ठेवून वाचलं, एमएमसीबीएलके-झीरो निवडलं. मोकळ्या 20 जीबीचं एकच ईएक्सटी-फोर (लिनक्सचा नेहमीचा फॉरमॅट) पार्टिशन केलं, होम म्हणजे आपल्या फाइल्सचा भाग वेगळा काढला नाही, इतक्या कमी जागेत भिंती घालायच्याच नसतात. आणि विंडोजचं जे शंभर एमबीचं ईएफआय पार्टिशन आहे त्याला हात लावला नाही, फॉरमॅटची खूण तर अजिबात नाही, दोन्ही सिस्टिमचे बूटलोडर तिथेच शेजारी शेजारी राहतात.

रिस्टार्ट केलं तर परत सरळ विंडोज. पोरीचा चेहरा पडला. पण हे नेहमीचं आहे, बायोस विंडोजलाच पहिला नंबर देऊन बसतो. बूटच्या यादीत गेलो तर तिथे दुसरं नाव होतं उबंटू. "दादा, आपण तर मिंट टाकलं ना?" हो, मिंट उबंटू नावाच्या दुसऱ्या लिनक्सवर बांधलेलं आहे आणि बूटलोडर उबंटूच्याच नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं, ते तेच. त्याला वर सरकवलं आणि ग्रबचा, म्हणजे कोणती सिस्टिम उघडायची ते विचारणारा, मेनू आला.

ग्रबमध्ये पहिलं काय ठेवायचं यावर घरात थोडी चर्चा झाली. मी आधी शेवटचं जे वापरलं तेच परत उघडावं असं करून दिलं होतं, ते पोरीला बरं, पण सकाळी सहाला काकांनी चालू केलं की मिंट. दोन दिवसांत बदललं. आता नेहमी विंडोज पहिलं, दहा सेकंद थांबून आपोआप, आणि पोरीने त्या दहा सेकंदांत बाण दाबायचा. सेटिंगच्या फाइलमध्ये विंडोजचा क्रमांक न टाकता त्याचं मेनूतलं पूर्ण नाव टाकलं, कारण नवीन नोंदी आल्या की क्रमांक सरकतात, नाव सरकत नाही.

तिसऱ्या दिवशी काकांची तक्रार: रात्री दहा वाजता लॅपटॉप साडेचार दाखवतोय. मला ऐकूनच कळलं, बरोबर साडेपाच तासांचा फरक. लिनक्स मशीनच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं आणि विंडोज त्याच घड्याळाला स्थानिक वेळ समजून वाचतं. मिंटच्या टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएलला सेट-लोकल-आरटीसी एक सांगितलं की झालं. तिथे एक इशारा येतो, तो मुख्यतः ज्या देशांत उन्हाळ्या-हिवाळ्यात घड्याळं पुढेमागे करतात त्यांच्यासाठी आहे, आपल्याकडे ते नाही, निर्धास्त करा.

खरी दुसरी अडचण आली तीन आठवड्यांनी. मिंट म्हणे जागा संपली. वीस जीबीतले दहा-अकरा सिस्टिमने घेतलेले, पायथन आणि जीसीसी या प्रोग्रामिंगच्या साधनांचा काही विशेष भार नाही, मग गेले कुठे? टाइमशिफ्ट, म्हणजे सिस्टिमच्या प्रती (स्नॅपशॉट) काढून ठेवणारा प्रोग्राम. पहिल्या दिवशी मिंटची स्वागताची खिडकी सुचवते म्हणून पोरीने रोजचे स्नॅपशॉट लावून ठेवलेले, आणि ते त्याच पार्टिशनवर साठतात. सल्ला म्हणून तो चांगलाच आहे, पण ज्याच्याकडे शंभर जीबी आहेत त्याला. स्नॅपशॉट काढले, वेळापत्रक बंद केलं, जुने कर्नल (सिस्टिमचा गाभा) आपोआप काढायची खूण अपडेट मॅनेजरमध्ये लावली. आणि एक कमी माहीत असलेली गोष्ट, ईएक्सटी-फोर पार्टिशनमधली पाच टक्के जागा रूट म्हणजे अ‍ॅडमिनसाठी राखीव असते, वीस जीबीत ती एक जीबी होते, ट्यून-टू-एफएसने ती एक टक्क्यावर आणली, आठशे एमबी परत हातात. इतक्या छोट्या खोलीत आठशे एमबी कमी नाहीत.

इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह मी पुसू दिला नाही, तो काकूंच्या कपाटात स्टीलच्या डब्यात आहे, वहीतलं 48 आकड्यांचं पान फाडून त्याच्याच भोवती गुंडाळून. ऑगस्ट 2024 मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर दोन सिस्टिम असलेल्या बऱ्याच मशीनवर लिनक्स उठायचं बंद झालं होतं, सही केलेले जुने बूटलोडर नाकारले गेले म्हणून. पुन्हा तसं काही झालं तर दुरुस्तीची सुरुवात त्या पेनड्राइव्हवरूनच करावी लागणार. की आता एन्क्रिप्शन बंद असल्यामुळे उपयोगाची नाही, पण एखाद्या अपडेटने ते परत चालू केलं तर नवी की लगेच लिहून काढायची आणि तिथेच ठेवायची हे पोरीला पढवून ठेवलंय.

पोरीने एकदा मिंटमधून पप्पांची पावती उघडून बघितली, तर लिब्रेऑफिसमध्ये सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, काका हादरलेच, फाइल खराब झाली म्हणून. फाइल ठणठणीत होती. ते जुने फॉन्ट युनिकोड (मराठी अक्षरांना स्वतःचे कोड देणारी पद्धत) नाहीत, आत इंग्रजी अक्षरांचेच कोड असतात आणि त्यावर मराठी वळणं चढवलेली असतात, तो फॉन्ट नसला की आतलं उघडं पडतं. त्या दिवसापासून नियम केला, पप्पांच्या फोल्डरला मिंटमधून हात लावायचा नाही.

त्या वर्षी गणपती 27 ऑगस्टला बसले, पावत्या आणि अहवाल त्याच्या बरेच आधी छापून आले, सगळं विंडोजवरून. आणि विसर्जनानंतरच्या रविवारी पोरीने मिंटमध्ये मराठीचा फोनेटिक कीबोर्ड लावून, मुक्ता फॉन्ट घेऊन (आपल्या मुंबईच्याच 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींनी केलेला, फुकट) तीच पावती युनिकोडमध्ये नव्याने बांधली आणि पप्पांपुढे ठेवली. काकांनी चष्मा वर केला, मंडळाचं नाव बघितलं नाही, रक्कम बघितली नाही, सरळ खालच्या ओळीतल्या "दुसऱ्या" या शब्दावर बोट ठेवलं. त्यातला ऱ्या नीट आडवा वळलाय का, की डोक्यावर रफार बसलाय, एवढंच त्यांना बघायचं होतं. नीट वळला होता. म्हणाले, मोठा करून दाखव.